विषय क्रमांक २७: तहकूब

महासभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसायचं तर पास लागतो. पासच्या खिडकीत बसलेल्या माणसानं मला विचारलं, "कोणाकडून आलात?"

मी म्हटलं, "माझ्याकडूनच."

त्याला ते कळलं नाही. त्याच्याकडे येणारी माणसं नगरसेवकाचे कार्यकर्ते असतात, नाहीतर निवेदन घेऊन आलेली मंडळी, नाहीतर पत्रकार. नुसती सभा बघायला कोणी येतं, हा प्रकार त्याच्या रजिस्टरात नव्हता. शेवटी त्यानं 'इतर' असं लिहिलं आणि पास दिला. तर या लेखात मी जे काही सांगणार आहे, ते 'इतर' या वर्गातून सांगणार आहे.

माझं शहर मुंबईच्या पलीकडच्या पट्ट्यात आहे. सकाळी लोकलला लटकून बाहेर जाणारं आणि रात्री झोपायला परत येणारं. नाव सांगत नाही. तुम्ही अशाच एखाद्या शहरात राहत असाल तर तुमच्या शहराचं नाव घालून वाचा आणि किती ठिकाणी अडखळायला होतं ते बघा.

सभा अकराची होती, बाराला सुरू झाली. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं. मग एका चौकाला कोणाचं नाव द्यायचं यावर सव्वा तास वाद झाला. दोन्ही बाजूंचे लोक उभे राहिले, कोणीतरी महापौरांच्या आसनासमोर धावलं, तिघांनी मोबाईलवर शूटिंग केलं आणि संध्याकाळी त्याचे रील आले. मग सगळे खाली बसले, चहा आणि वेफर्स आले आणि सचिवांनी पुढचे विषय पुकारायला सुरुवात केली. "विषय क्रमांक नऊ." "मंजूर." "सूचक, अनुमोदक?" दोन हात वर. "विषय क्रमांक दहा." "मंजूर." मी मोबाईलमध्ये वेळ बघत होते. अकरा विषय सहा मिनिटांत संपले. त्यात कचरा उचलण्याच्या ठेक्याला मुदतवाढ होती, एका पाण्याच्या टाकीच्या वाढीव खर्चाला कार्योत्तर मंजुरी होती आणि शाळेच्या एका इमारतीची दुरुस्ती होती. त्या सहा मिनिटांचं रील कोणीही केलं नाही.

माझा मुद्दा त्या सहा मिनिटांबद्दल आहे. आपल्याला राजकारण म्हणून जे दिसतं ते सव्वा तासाचं असतं, आणि आपलं आयुष्य ठरतं ते सहा मिनिटांत. याला जबाबदार कोण, असं विचाराल तर यादीत मी तुमचं आणि माझंही नाव घालणार आहे.

मी गॅलरीत का गेले, ते आधी सांगते.

आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मैदान होतं. मैदान म्हणजे काय, तर कुंपण नसलेली, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ असलेली मोकळी जागा. विकास आराखड्यात तिच्यावर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण होतं. मी स्कूटी तिथे शिकले. गणपतीचा मांडव तिथे पडायचा, मुलांचं क्रिकेट तिथेच चालायचं, आणि बायपास झाल्यावर बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा ते तिथेच गोल गोल चालायचे. एके दिवशी तिथे पत्रे लागले. पत्र्यांवर स्विमिंग पूल आणि हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र आलं. आम्ही चिडलो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'घोटाळा', 'सेटिंग', 'सगळे चोर' असे दोनशे मेसेज पडले. मीही एक व्हिडिओ केला. तो बराच फिरला.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, तीस दिवस वाट बघितली आणि कागदांचा गठ्ठा हातात आला. तो वाचता येईना म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. ते महापालिकेच्या नगररचना विभागातून निवृत्त झालेत. काका म्हणाले, "अगं, विषयाचं नाव वाचत बसू नकोस. कलम बघ, तारीख बघ आणि रक्कम बघ. बाकी सगळं सजावट आहे."

कलम होतं १२७. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. हे कलम असं सांगतं: एखाद्या खाजगी जागेवर मैदान, बाग, शाळा, दवाखाना यासाठी आरक्षण टाकलं आणि आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, की घ्यायची तर घ्या, नाहीतर सोडा. या नोटिशीला खरेदी सूचना म्हणतात. त्यानंतर महापालिकेच्या हातात चोवीस महिने असतात. पूर्वी बाराच होते, २०१५ मध्ये ते दुप्पट केले. तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा घेण्याच्या दिशेनं ठोस पाऊल टाकलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. सरकारी शब्दात 'व्यपगत' होतं. मालक मोकळा होतो. नुसतं पत्र पाठवलं, ठराव केला, याला पाऊल म्हणायचं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगून ठेवलंय.

कलम वाईट नाही. दहा-वीस वर्षं एखाद्याची जमीन कागदावर अडकवून ठेवायची, पैसेही द्यायचे नाहीत आणि बांधूही द्यायचं नाही, हा अन्यायच आहे. मालकानं कायद्यानं दिलेला हक्क वापरला. त्याच्यावर माझा राग नाही. पण घड्याळ लावलं गेलं होतं, आणि ते महापालिकेच्या टेबलावर टिकटिकत होतं.

आता इतिवृत्तं बघा. नोटीस आल्यावर काही महिन्यांनी भूसंपादनाचा विषय महासभेपुढे आला. विषय क्रमांक २७. निर्णय: 'सदर विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.' पुढच्या वेळी क्रमांक वेगळा, निर्णय: 'अभ्यास करून फेरसादर करावा.' मग नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. तिसऱ्यांदा विषय त्यांच्यापुढे गेला. निर्णय: 'निधीअभावी दप्तरी दाखल.' चोवीस महिने भरले. आरक्षण गेलं.

एवढंच. कोणी खोटी सही केली नव्हती, फाईल हरवली नव्हती. पाकीट दिलं-घेतलं असेल तर ते त्या कागदांत दिसत नाही आणि त्यावर मी काही बोलणार नाही. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हे सगळं उघड्यावर झालं होतं. तीन वेळा, छापील विषयपत्रिकेत, सर्व्हे नंबरासकट. माझा व्हिडिओ आला तो आरक्षण व्यपगत झाल्यावर दीड वर्षानं. ज्या महिन्यात विषय क्रमांक २७ तहकूब झाला, त्या महिन्यात मी काय करत होते हे मी फोनमध्ये शोधून बघितलं. मी त्याच मैदानावर सूर्यास्ताचा फोटो काढला होता.

निधी नव्हता हे खरं असेलही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर जमिनीचा मोबदला मोठा झालाय आणि आमच्यासारख्या महापालिकांना तो जड जातो. पण त्याच नगररचना कायद्याचं कलम १२६ सांगतं, की रोख पैशाऐवजी मालकाला विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देऊनही जागा घेता येते. मालकाला टीडीआर देऊ केला होता का? त्यानं नाकारला का? गठ्ठ्यात त्याबद्दल एक ओळ नाही. हा प्रश्न विचारायला सभागृहात शंभराहून अधिक माणसं बसली होती. एकानंही विचारला नाही. आणि आपल्यातल्या एकानंही त्यांना विचारायला लावला नाही.

इथे मला पहिलं भांडण त्या भाषेशी करायचंय. 'बाबत' या शब्दानं संपणारी वाक्यं तुम्ही बघितली असतील. 'मौजे अमुक, स. नं. तमुक, आ. क्र. ढमुक या जागेबाबत प्राप्त खरेदी सूचनेच्या अनुषंगाने निर्णय घेणेबाबत.' या वाक्यात मैदान हा शब्द नाही आणि उरलेले दिवसही नाहीत. कायद्याची भाषा अवघड असते हे मान्य. पण 'मैदान वाचवायला सात महिने उरले आहेत' एवढं लिहायला कुठला कायदा आड येतो? कंटाळा हा या कागदांचा दोष आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, तो त्यांचा पहारेकरी आहे. कुलूप लावलं असतं तर आपण दार ठोठावलं असतं. कंटाळा आला की आपण आपणहून परत जातो.

म्हणून चार शब्द पाठ करा, फार नाहीत. 'तहकूब' म्हणजे आज नको. पण घड्याळ लागलेलं असेल तर तहकूब हाच निर्णय असतो. 'कार्योत्तर मंजुरी' म्हणजे खर्च झालाय, आता हो म्हणा. 'आयत्या वेळचे विषय' म्हणजे जे तुम्हाला आधी कळू नयेत असं कोणालातरी वाटलं, किंवा खरोखरच घाई होती. दोन्हीतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. आणि '५(२)(२)' असा आकडा दिसला तर थांबा. निविदा न मागवता काम देण्याची ती वाट आहे. पूर आला, नाला फुटला, तर ती लागतेच. पण दर वर्षी पावसाळा जूनमध्येच येतो हे ज्या शहराला माहीत आहे, त्याला दर जूनमध्ये तातडी कशी लागते, हे विचारायला हवं.

दुसरं भांडण 'प्रशासक बरा होता' म्हणणाऱ्यांशी. हे वाक्य मी ट्रेनमध्ये ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, घरी बाबांच्या तोंडूनही ऐकलंय. नगरसेवक नव्हते तेव्हा कटकट नव्हती, कामं होत होती, असं म्हणतात. जरा आठवून बघा काय चाललं होतं. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं, की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तरीही राज्यातल्या बहुतेक महापालिका वर्षानुवर्षं नगरसेवकांविना चालल्या. काही २०२० पासून, मुंबई ७ मार्च २०२२ पासून. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं.

मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त प्रस्ताव पाठवणार, स्थायी समिती म्हणून तेच तो तपासणार आणि महासभा म्हणून तेच मंजूर करणार. अर्थसंकल्प त्यांनीच मांडायचा आणि त्यांनीच स्वीकारायचा. सूचकही तेच आणि अनुमोदकही तेच. अधिकारी सज्जन असेल, हुशार असेल, कामसू असेल. मी व्यक्तीबद्दल बोलतच नाहीये. स्वतःच्या उत्तरपत्रिकेला स्वतः गुण देणारा विद्यार्थी हुशार असला तरी आपण त्या निकालाला निकाल म्हणत नाही. आमच्या मैदानाचा विषय 'दप्तरी दाखल' झाला त्या दिवशी गॅलरी रिकामी होती असंही म्हणता येत नाही. गॅलरीच उघडी नव्हती, कारण सभाच नव्हती. एका केबिनमध्ये एक सही झाली.

आणि तरी आपल्याला फरक जाणवला नाही. मला ही गोष्ट प्रशासकांपेक्षा जास्त टोचते. एखाद्या घरातला माणूस पाच वर्षं गायब झाला आणि घरच्यांना पत्ता लागला नाही, तर तो माणूस घरात होता तेव्हा काय करत होता, असा प्रश्न पडतो. नगरसेवक नसल्याचं आपल्याला कळलं नाही, कारण ते असताना सहा मिनिटांत अकरा विषय मंजूर करत होते. प्रशासकराज म्हणजे तीच सहा मिनिटं, फक्त चहा-वेफर्स वजा करून. त्यावर उपाय सभागृह बंद ठेवणं हा नाही. सहा मिनिटांची साठ करायला लावणं हा आहे.

तिसरं भांडण आपलं आपल्याशी. जानेवारीत मुंबई सोडून बाकी शहरांत बहुतेकांनी एका वेळी चार बटणं दाबली. तुमच्या चार नगरसेवकांची नावं आत्ता, खाली न बघता, सांगता येतात का? मला दोन आली. प्रभाग एक आणि नगरसेवक चार, म्हणजे गटार तुंबलं की चौघंही दुसऱ्या तिघांकडे बोट दाखवतात. ही पद्धत आपण निवडलेली नाही. पण पद्धत वाईट आहे म्हणून आपण खड्ड्याचा व्हिडिओ टाकून मोकळे होतो, त्याचं काय? खड्ड्याचा व्हिडिओ वाईट नाही, मीही टाकते. पण तो खड्डा बुजवायचा ठेका कोणाला, किती वर्षांच्या हमीवर दिला होता, हे ज्या कागदात आहे तो कागद व्हिडिओत कधीच येत नाही. मग तोच ठेकेदार तोच खड्डा पुन्हा बुजवतो आणि आपण पुन्हा व्हिडिओ टाकतो. दोघांचंही काम चालू राहतं.

"आम्हाला वेळ कुठे आहे?" हे उत्तर मला माहीत आहे, कारण माझंही तेच होतं. सात बावन्नची ट्रेन, रात्री साडेआठला घर, आणि महासभा असते कामाच्या दिवशी भर दुपारी. हे खरं आहे आणि हाच माझा आरोपही आहे. ज्या शहरातली अर्धी कमावती माणसं दुपारी शहराबाहेर असतात, ते शहर स्वतःची सभा दुपारी ठेवतं आणि मग म्हणतं, नागरिकांना रस नाही. गॅलरीत बसायला मी सुट्टी टाकली होती. प्रत्येकानं दर महिन्याला सुट्टी टाकावी असं मी म्हणणार नाही, ते हास्यास्पद होईल. म्हणून मागणी अशी करू, की सुट्टी टाकावी लागूच नये.

पहिली मागणी: महासभा आणि स्थायी समितीची प्रत्येक बैठक थेट दाखवा आणि तिचं रेकॉर्डिंग राहू द्या. नवरात्रातल्या गरब्याचं थेट प्रक्षेपण आमच्या प्रत्येक नगरसेवकाला जमतं. स्थायी समितीत सोळा माणसं असतात आणि शहराचे मोठे ठेके तिथूनच जातात. सोळा माणसांपुढे एक कॅमेरा लावणं अवघड नाही.

दुसरी: विषयपत्रिका प्रस्तावासकट वेबसाइटवर, सभेच्या आधी. नुसते विषयांचे क्रमांक नकोत. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ २००५ पासून सांगतंय, की माहिती कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा.

तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: आलेल्या सगळ्या खरेदी सूचनांची यादी. कुठली जागा, कशासाठी आरक्षण, नोटीस कधी आली, किती दिवस उरले. एक तक्ता. दर सोमवारी ताजा केलेला. आमच्या मैदानापुढे 'उरलेले दिवस: २१०' असं लिहिलेलं कोणी मला दाखवलं असतं, तर मी सूर्यास्ताचा फोटो काढत बसले नसते.

चौथी: क्षेत्रसभा घ्या. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला नाही. २००९ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून शहरातल्या मतदारांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, गावात ग्रामसभा असते तशी. गावातल्या माणसाला वर्षातून काही वेळा सरपंचाला समोर उभं करून प्रश्न विचारता येतो. शहरात राहायला आल्यावर आपला तो हक्क कुठे गेला? कागदावर आहे. कागदावरच आहे.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही, हे मला कळतं. तक्ता, कॅमेरा आणि पीडीएफ, यावर घोषणा होत नाहीत आणि टी-शर्टही छापता येत नाहीत. पण आमचं मैदानसुद्धा कुठल्या नाट्यमय घटनेत गेलं नाही. ते 'तहकूब' या एका शब्दात गेलं, आणि तो शब्द उच्चारला गेला तेव्हा सभागृहात बहुधा वेफर्स वाटले जात होते.

त्या दिवशी गॅलरीतून निघताना मी सचिवांच्या कार्यालयात गेले आणि पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेची प्रत कधी मिळेल असं विचारलं. तिथल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "पण तुम्हाला कशाला हवी?" मी म्हटलं, वाचायला. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं, मग माझा नंबर लिहून घेतला. आठवड्यानं त्यांनीच फोन केला. "या, घेऊन जा. पण दुपारी दोनच्या आत."

मी दोनच्या आत जाऊ शकत नव्हते. बाबा गेले. त्यांना आता चालायला मैदान नाही, त्यामुळे ते असंही रस्त्यानंच फिरतात. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते आणि खालचे काका चष्मे लावून प्रत वाचत बसले होते आणि पेन्सिलीनं खुणा करत होते. विषय क्रमांक १९ पुढे दोन खुणा होत्या. तलावाशेजारची जागा, आरक्षण 'उद्यान', खरेदी सूचना आलेली. काकांनी तारखा मोजल्या. साडेआठ महिने उरलेत.

आमच्या प्रभागाची ती जागा नाही. तरी मी चारही नगरसेवकांना फोन केला. दोघांनी उचलला. एकानं विचारलं, "कोणाकडून बोलताय?"